बाळाच्या तोंडी बाटली येण्यापूर्वी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर एका बालरोगतज्ज्ञाने केलेले भाषण)



पंचायतीच्या सभेत रस्ता येतो, नळपाणी येते, शाळेच्या छपराचा प्रश्न येतो. नवजात बालकाला काय पाजावे हा विषय मात्र त्या सभेत सहसा येत नाही. तो माजघरातला, बायकांचा विषय समजला जातो. आज मी तो आपणांसमोर मुद्दाम मांडणार आहे. याचे कारण असे, की स्तनपान सोडून बाळाला बाटली लावण्याचा निर्णय वरकरणी एका घरातला दिसत असला, तरी त्यामागे गावाचे पाणी, मजुरीचे दर, प्रसूतिगृहातील रीत, दुकानातील माल आणि देशाचा कायदा अशा अनेक गोष्टी उभ्या असतात. त्या सर्वांशी आपला संबंध आहे.

प्रथम दोन आकडे पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ८८ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. परंतु जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके मात्र केवळ ४१.८ टक्के होती. म्हणजे डॉक्टर, परिचारिका आणि दवाखाना हाताशी असूनही निम्म्याहून अधिक बालकांचा तो मोलाचा पहिला तास वाया गेला. त्याच सर्वेक्षणात सहा महिन्यांखालील बालकांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली बालके ६३.७ टक्के आढळली. उरलेल्या बालकांच्या पोटात पाणी, गाईम्हशीचे दूध, भुकटीचे दूध किंवा अन्य काही ना काही जात होते. सुधारणा होत आहे यात संशय नाही. तथापि ती पुरेशी नाही.

बाटली घरात आली कशी?

आईवाचून वाढणारी मुले पूर्वीही होती. त्यांना दाईचे किंवा शेळीचे दूध बोंडल्याने पाजले जाई. भुकटीच्या रूपातील कृत्रिम अन्न ही एकोणिसाव्या शतकातील युरोपची निर्मिती होय. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी आणि १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी असे अन्न तयार केले. आईचे दूध न मिळणाऱ्या बालकांसाठी ती मोठीच सोय होती. आपल्या देशातही म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालकांचे अन्न बनविण्याची पद्धत शोधली आणि आणंदच्या सहकारी दूध संघाने ते बाजारात आणले. परदेशी डब्यांवरील अवलंबन कमी करणारी ती एक अभिमानास्पद कामगिरी होती.

अडचण निर्माण झाली ती पुढे. ज्या बालकांना आईचे दूध मिळत होते, त्यांच्याही तोंडी बाटली देण्याचा प्रचार सुरू झाला. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूर येथील रोटरी क्लबच्या सभेत या प्रचारावर जाहीर टीका केली. आपल्या भाषणाच्या शीर्षकातच त्यांनी दूध आणि खून हे शब्द शेजारी ठेवले होते. पुढे १९७४ साली इंग्लंडमधील एका पुस्तिकेने गरीब देशांतील बाटलीच्या प्रचाराचे परिणाम जगापुढे मांडले आणि १९७७ पासून अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. अखेर मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. ठरावाच्या बाजूने ११८ मते पडली, विरोधात केवळ एक, अमेरिकेचे. भारताने संहितेच्या बाजूने मत दिले आणि १९८३ साली स्वतःची राष्ट्रीय संहिता जाहीर केली. या विषयावर पुढे सतत काम करणारी देशव्यापी संघटना १९९१ साली आपल्या वर्धा येथे स्थापन झाली, हेही नमूद करण्याजोगे आहे.

दूध पुरत नाही, ही समजूत

आता घरात काय घडते ते पाहू. बाळ दोन-तीन दिवसांचे असते. ते रडते. आईला अजून चीकच येत असतो आणि तोही थोडाथोडा. बाळाचे पोट त्या वेळी इतके लहान असते की तेवढा चीक त्याला पुरतो. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असल्याने तो बाळाचे पहिले संरक्षक कवच ठरतो. परंतु घरातील वडीलधाऱ्यांना वाटते, हिच्या अंगावर दूधच नाही. चीक पिळून टाकला जातो, मध चाटविला जातो, आणि कोणीतरी दुकानातून डबा व बाटली आणते.

बाटली लागताच बाळ झोपते. घर सुटकेचा श्वास टाकते. पण आईच्या शरीरात काय होते? दूध तयार होण्याची क्रिया बाळाच्या ओढण्यावर चालते. बाळ ओढू लागले की मेंदूतील ग्रंथी दोन स्राव सोडते. एका स्रावाने दूध बनते, दुसऱ्याने पान्हा फुटतो. स्तन जितका रिकामा होतो, तितके नवे दूध बनते. तो भरलेला राहिला की शरीर समजते, दुधाची गरज कमी झाली. बाटलीने पोट भरलेले बाळ आईजवळ कमी वेळा येते आणि कमी ओढते. शिवाय रबरी बोंडातून दूध आयते गळत असल्याने काही बालके स्तन नीट धरीनाशी होतात. मग दूध खरोखरच कमी होते. एका बाटलीच्या दोन होतात, दोनांच्या चार होतात. तीन-चार आठवड्यांत आई म्हणते, माझे दूध आटले.

मित्रहो, हा क्रम नीट ध्यानात घ्या. बहुतेक घरांत दूध आटले म्हणून बाटली आलेली नसते. बाटली आली म्हणून दूध आटलेले असते.

दूध पुरते की नाही हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते, ते साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. त्यापुढील पहिल्या काही महिन्यांत ते महिन्याला किमान अर्धा किलोने वाढावयास हवे. रडणे ही मात्र खात्रीची खूण नव्हे. बाळ भुकेने रडते, तसेच ओल्या दुपट्याने, उकाड्याने किंवा नुसत्या जवळिकीच्या ओढीनेही रडते.

याच्या उलटही सांगितले पाहिजे. लघवी कमी होत असेल, बाळ मलूल असेल, ओढतच नसेल किंवा वजन वाढत नसेल, तर केवळ तत्त्वाच्या आग्रहापायी त्याला उपाशी ठेवू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. पुष्कळदा बाळाची पकड सुधारली, म्हणजे केवळ बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला, की प्रश्न सुटतो. दिवसातून आठ ते बारा वेळा आणि रात्रीही पाजणे हा दूध वाढविण्याचा खरा उपाय होय.

डब्याचा हिशेब

तीन महिन्यांचे, सहा किलो वजनाचे बाळ पूर्णपणे डब्याच्या दुधावर आहे असे समजा. त्याला दिवसाला सुमारे ९०० मिलिलीटर दूध लागते. साधारणतः ३० मिलिलीटर पाण्यास एक सपाट माप भुकटी हे प्रमाण धरले, तर दिवसाला ३० मापे होतात. एका मापात चार-साडेचार ग्रॅम भुकटी मावते. म्हणजे दिवसाला १२० ते १३५ ग्रॅम भुकटी झाली. ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम तीन दिवस पुरतो आणि महिन्याला नऊ-दहा डबे लागतात. आपल्या गावातील दुकानात डब्याची किंमत विचारा, तिला दहाने गुणा आणि ती रक्कम आपल्या गावातील शेतमजुराच्या महिन्याच्या मजुरीशेजारी ठेवून पाहा. त्यात आणखी सरपण किंवा गॅस, बाटल्या आणि आजारपणाचा खर्च धरावयाचा आहेच.

हा खर्च झेपत नाही, तेव्हा घर काय करते? भुकटी कमी आणि पाणी जास्त घालते. तीन मापांच्या जागी दीड माप पडते. बाटली तेवढीच भरलेली दिसते, दूध पांढरेच दिसते, पण बाळाला निम्मेच अन्न मिळते. सहा वेळा पाजले तरी पोषण तीन वेळांचेच होते. बाळ हळूहळू खंगत जाते आणि घराला वाटते, आपण तर वेळच्या वेळी दूध देतो. यात आईचा निष्काळजीपणा नसतो, तिची ओढाताण असते.

दुसरा धोका पाण्याचा. टाकीतील, विहिरीतील वा हातपंपाचे पाणी न उकळता वापरले, बाटलीच्या गळ्यात आणि बोंडात दुधाचा अंश राहिला, की जंतूंची वाढ होते. उन्हाळ्यात तर काही तासांतच. मग हगवण लागते, अशक्त बाळाला ती पुन्हा पुन्हा लागते. आईच्या दुधाला ना उकळी लागते, ना भांडे, ना माप. त्यात सुमारे ८७ टक्के पाणीच असल्याने सहा महिन्यांपर्यंत बाळाला वैशाखातही वरचे पाणी लागत नाही. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखमालेनुसार, स्तनपान सर्वत्र योग्य प्रमाणात झाले तर जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ८ लाख २० हजार बालकांचे मृत्यू टळू शकतील.

डबा परवडत नाही म्हणून पाणी घालून गाईम्हशीचे दूध देण्याची रीत आहे. गाईच्या दुधात आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट प्रथिने व अधिक क्षार असतात. वासरासाठी ते योग्य आहे, पण नवजात बालकाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. त्यात लोह अत्यल्प असते. पाणी घातले की भार घटतो, परंतु पोषणही घटते.

खरोखर गरज असेल तेव्हा

काही वेळा आईचे दूध मिळणे शक्यच नसते. आई दगावलेली असते, ती अत्यवस्थ असते, कर्करोगावरील तीव्र औषधे तिला चालू असतात, किंवा क्वचित बाळालाच दुधातील शर्करा पचविण्याचा जन्मजात दोष असतो. या कुटुंबांना दोष देणे हा अन्याय होय. त्यांना नीट माहिती देणे हे आपले कर्तव्य आहे. मात्र आईला साधा ताप, सर्दी किंवा हगवण झाली म्हणून पाजणे थांबविण्याचे कारण नाही. क्षयरोग झालेली आईसुद्धा उपचार घेत, तोंडावर फडके बांधून, डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजू शकते. एचआयव्हीबाधित मातेने घ्यावयाचा निर्णयही उपचारकेंद्राच्या सल्ल्यानेच व्हावा, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नव्हे.

आईचे दूध नसेल तर दुसऱ्या मातेचे, तपासून निर्जंतुक केलेले दूध हा पहिला पर्याय असतो, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा पेढीत दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानावर अर्धा तास ठेवून जंतुरहित करतात. आता राज्यात व देशात अशा पेढ्या अनेक ठिकाणी आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

डब्याचे दूध द्यावेच लागले, तर पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. शक्यतो बाटली टाळून वाटी-चमचा किंवा बोंडले वापरावे. ते घासून धुता येते, त्यात दूध अडकून राहत नाही.

२. हात साबणाने धुवावेत. भांडी धुऊन, पाण्यात पूर्ण बुडवून, दहा मिनिटे उकळावीत.

३. पाणी खळखळून उकळावे आणि अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले गरम असतानाच वापरावे. भुकटी स्वतः जंतुरहित नसते, गरम पाण्यानेच तिच्यातील जंतू मरतात. तयार दूध कोमट झाल्यावरच पाजावे.

४. आधी पाणी मोजावे, मग डब्यातील मापाने सपाट मापे घालावीत. एकही माप कमी वा जास्त करू नये.

५. प्रत्येक वेळी ताजे दूध करावे. उरलेले दूध दोन तासांनंतर बाळाला देऊ नये.

६. आईचे दूध हळूहळू थांबवावयाचे असेल, तर एका वेळचे पाजणे बंद करून काही दिवस जाऊ द्यावेत, मग दुसऱ्या वेळचे. एकदम थांबविल्यास स्तनांत गाठी होतात, ताप येतो. रात्रीचे व पहाटेचे पाजणे शेवटपर्यंत राखता येते.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. बाटलीवर गेलेले बाळ पुन्हा आईच्या दुधावर येऊ शकते. आईची इच्छा, बाळाला वारंवार अंगाशी घेणे आणि जाणकार आरोग्यसेविकेचा आधार असेल, तर आटलेला पान्हा पुष्कळ मातांना परत फुटतो. तेव्हा बाटली लागली म्हणून सारे संपले, असे कोणत्याही मातेला सांगू नये.

कामावर जाणारी माता

नोकरदार स्त्रीसाठी २०१७ च्या कायद्याने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. परंतु कांदालागवडीला, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार? हातावर पोट असलेल्या या मातेला सहा महिने निव्वळ स्तनपान करा असे सांगणे सोपे आहे. ते तिला शक्य करून देणे हे समाजाचे काम आहे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पाच वा अधिक लहान मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एक स्त्री नेमण्याची तरतूद केली होती. त्यामागील तत्त्व सर्वच कामांना लागू करण्याजोगे आहे. फडाच्या कडेला एक सावलीची जागा, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि मुलांकडे पाहणारी एक बाई एवढ्याने अनेक बाटल्या वाचतील.

बाळ घरी ठेवून जाणे भाग असेल, तर निघण्यापूर्वी एकदा पाजावे आणि दूध स्वच्छ हाताने पिळून, झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवावे. आपल्या हवेत थंड जागी ते चार तास, आणि शीतकपाटात २४ तास निर्धास्त राहते. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे. ते उकळू नये, गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे. संध्याकाळी आई परतली की बाळ पुन्हा तिच्याजवळ. अशा रीतीने काम आणि पान्हा दोन्ही टिकतात.

कायदा काय सांगतो?

१९९२ साली संसदेने बालकांचे दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बालकांचे अन्न यांविषयीचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अंमलात आला आणि २००३ साली दुरुस्तीने अधिक कडक झाला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या अशा मालाची जाहिरात करण्यास मनाई आहे. मातांना फुकट नमुने वा भेटवस्तू देता येत नाहीत. डब्यावर बालकाचे वा स्त्रीचे चित्र छापता येत नाही. आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम आहे, ही सूचना त्यावर ठळकपणे असावी लागते. दवाखान्यात अशा मालाची भित्तिपत्रके लावता येत नाहीत. आरोग्य कर्मचाऱ्यांना वा त्यांच्या संघटनांना उत्पादकांकडून भेटी किंवा परिषदांसाठी पैसा घेता येत नाही. भंग करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची वा दंडाची तरतूद आहे.

हा कायदा डब्याची विक्री बंद करीत नाही. ज्या बालकाला गरज आहे, त्याला डबा मिळालाच पाहिजे. कायदा एवढेच म्हणतो, की आईच्या मनात तिच्या स्वतःच्या दुधाविषयी संशय पेरून माल खपवू नका.

आपण काय करू शकतो?

सरपंच व सदस्यांनी गावातील प्रत्येक गरोदर मातेची नोंद ठेवून, प्रसूतीनंतर आशाताईंच्या ठरलेल्या भेटी होतात की नाही याची विचारपूस करावी. दवाखान्यातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यावयाचे असते. बाटली बहुधा याच सहा आठवड्यांत घरात शिरते. नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी प्रयोगाने सिद्ध करून दाखविली, हे आपण विसरू नये.

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलींना आणि मुलांनाही हा विषय सांगावा. उद्याचा बाप आजच्या वर्गात बसलेला असतो. डब्याचा वर मांडलेला हिशेब हे गुणाकाराचे उत्तम उदाहरण आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या निमित्ताने सुनांपेक्षा सासूबाईंची सभा घ्यावी, कारण पहिल्या दिवसांतील निर्णय बहुधा त्यांच्या हाती असतो. अधिकाऱ्यांनी आपल्या अखत्यारीतील प्रसूतिगृहांत पहिल्या तासात बाळ आईच्या छातीशी जाते की नाही हे प्रत्यक्ष पाहावे, आणि कायद्याचा भंग दिसल्यास त्याची नोंद घ्यावी.

आईच्या दुधासाठी नवे धरण बांधावयाचे नाही, कारखाना उभारावयाचा नाही, परकीय चलन खर्चावयाचे नाही. ही संपत्ती गरिबातील गरीब घरातही जन्मास येते. आपणांस फक्त त्या मातेला पहिले काही आठवडे विश्रांती, पुरेसे अन्न आणि धीराचे दोन शब्द द्यावयाचे आहेत. ते देण्यास कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!